अर्जातली एक ओळ
(मंडळाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)





'समाजकल्याणाची धोरणे आणि त्यामागील मूल्ये' हा विषय कार्यकारिणीने आम्हाला दिला, तेव्हा निम्मी मंडळी चहाच्या टेबलाकडे सरकतील अशी धास्ती वाटली. मूल्ये म्हटले की सुविचाराचा फळा आठवतो आणि धोरण म्हटले की वर्तमानपत्राचे आतले पान. पण याच वर्षी आपल्या मंडळात एक गोष्ट घडली आणि हा विषय आपल्याच कपाटात बसलेला सापडला.

आपल्या शिक्षण साहाय्य निधीसाठी यंदा लिंबायत, उधना, डिंडोली या भागांतून बरेच अर्ज आले. मुलांचे गुण चांगले, घरची परिस्थिती बेताची. छाननीत यांतले बहुतेक अर्ज एका ओळीवर बाद झाले. ती ओळ अशी : 'अर्जदाराचे वडील अथवा आजोबा मंडळाचे किमान दहा वर्षे सभासद असावेत.' ही ओळ कुणी सरकारी बाबूने लिहिलेली नाही. निधीचे नियम तयार झाले तेव्हा त्या समितीत आम्ही स्वतः बसलो होतो आणि ही ओळ वाचून झाल्यावर आम्हीच 'बरोबर आहे' असे म्हणालो होतो. तेव्हा आज जे बोलणार आहोत ते दुसऱ्याच्या चुका दाखवण्यासाठी नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कोणत्याही कल्याण योजनेचे भाषण ऐकू नये, तिचा अर्ज वाचावा. भाषणात सगळेच गोरगरिबांचे असतात. कोण आपला, कोण परका, कुणावर विश्वास ठेवायचा आणि कुणाकडून दाखला मागायचा, हे अर्जात उघडे पडते.

गुजरात सरकारची विधवा भगिनींना दरमहा मदत देणारी योजना आपल्याला माहीत आहे. या योजनेत वर्षानुवर्षे एक अट होती. मुलगा एकवीस वर्षांचा झाला की आईची मदत बंद. अट लिहिणारा माणूस दुष्ट नसावा. त्याच्या डोळ्यांपुढे जे घर होते त्यात कमावता मुलगा आईला सांभाळत असणार. पण ज्या घरात मुलगा रातपाळी करून स्वतःच्या बायकोमुलांपुरतेच कसेबसे आणतो, किंवा आणतच नाही, त्या घरातल्या आईला मुलाचा एकविसावा वाढदिवस म्हणजे मदत तुटण्याची तारीख होती. २०१९ मध्ये ही अट काढली गेली, मदत दरमहा १,२५० रुपये झाली आणि योजनेला 'गंगास्वरूपा' असे नाव मिळाले. आपल्याकडे जुन्या पत्रांत नावाआधी 'गं. भा.' लिहीत, त्यातलाच हा प्रकार. बाईची ओळख नवरा नसण्यावरूनच का ठेवायची, यावर २०२३ मध्ये महाराष्ट्रात बराच वाद झाला. आमचे मत विचाराल तर नावावर भांडायला सवड आहे. अट गेली, हे त्या आईच्या दृष्टीने मोठे.

आता थोडे मागे जाऊ, कारण या बाबतीत आपल्या मराठी मंडळींनी अभिमान धरावा अशी गोष्ट सुरतेच्या अगदी उंबऱ्याशी घडली आहे. आपण शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्यांविषयी नेहमी बोलतो आणि गुजराती शेजारी हसत हसत टोमणाही मारतात. पण सयाजीराव गायकवाडांच्या नवसारी प्रांताविषयी आपण फारसे बोलत नाही. सुरत शहर, ओलपाड, बारडोली हे इंग्रजांचे, तर कामरेज, पलसाणा, महुवा, व्यारा, सोनगड हे गायकवाडांचे. सरहद्द कुठे नदीने, कुठे शेताच्या बांधाने आखलेली. पाऊस एक, पिके एक, बोली एक. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले आणि १९०६ मध्ये तोच नियम सबंध बडोदे संस्थानाला लावला. त्याआधी, १८८५ मध्ये, सोनगडला आदिवासी मुलांसाठी वसतिगृह काढले होते. म्हणजे कामरेजच्या शेतकऱ्याच्या मुलीने शाळेत जायचे हा राज्याचा कायदा झाला आणि सुरतेच्या बाजूला, काही कोसांवर, तशाच शेतकऱ्याच्या मुलीने जायचे की नाही हा बापाच्या मर्जीचा मामला राहिला.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये असेच विधेयक सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मांडले तेव्हा बडोद्याचा दाखला दिला होता. १९१२ च्या मार्चमध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. विरोधकांची कारणे आजही वाचण्यासारखी आहेत. पैसा कुठून आणायचा, लोकांची मागणी कुठे आहे, आणि मुले शाळेत गेली तर शेताला हात कुठले मिळणार. हे शेवटचे कारण लक्षात ठेवा. पुढे ते पुन्हा भेटणार आहे.

बडोदे संस्थान काही इंग्रजांपेक्षा श्रीमंत नव्हते. फरक होता तो राज्यकर्त्याने प्रजेकडे कसे पाहिले यात. अर्थात सयाजीरावांची सक्ती ही खरीच सक्ती होती. मूल शाळेत आले नाही तर बापाला दंड, आणि तो दंड गरिबाच्याच घरातून जास्त निघे, कारण गुरे राखायला पोर त्याच्याच घरी लागे. चांगल्या मूल्यालाही काच असतो. तरीही, त्या दंडाची भीती घालून का होईना, ज्या मुली शाळेत बसल्या त्यांच्या नाती आज तुमच्याआमच्या घरात सुना आहेत. एखादीला तिच्या आजीचे हस्ताक्षर कसे होते ते विचारून पाहा.

दुसरी गोष्ट महाराष्ट्राची, पण तिचे एक टोक उधना स्टेशनवर आहे.

१९७२ चा दुष्काळ इथे बसलेल्या ज्येष्ठांना आठवत असेल. लाल मिलो, सुकडी, खडी फोडायची कामे. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. त्या वेळी विधान परिषदेचे सभापती होते वि. स. पागे. तासगाव तालुक्यातले, गांधीविचाराचे गृहस्थ. त्यांच्या डोक्यात बऱ्याच आधीपासून घोळत असलेली कल्पना या दुष्काळाने ऐरणीवर आणली. ती अशी की जो काम मागेल त्याला राज्याने काम दिलेच पाहिजे. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारभत्ता. भत्ता दिवसाला एक रुपया, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पण तो द्यावा लागणे म्हणजे चूक सरकारची आहे असे सरकारनेच लिहून देणे. बाई आणि पुरुष यांना एकच दर. कामावर लेकरांना सांभाळायची सोय. आणि मुख्य म्हणजे, काम मागायला आलेल्याकडून तो गरीब असल्याचा दाखला मागितला जात नसे. भर उन्हात खडी फोडायला जो येतो त्याची परीक्षा आणखी काय घ्यायची, हा त्यामागचा साधा विचार.

पैसा कुठून आला? १९७५ च्या व्यवसाय कराच्या कायद्यातून, म्हणजे मोठ्या प्रमाणावर शहरातल्या पगारदारांकडून. पुण्या-मुंबईत नोकरी केलेल्या आपल्या नातेवाइकांच्या पगारपत्रकात 'व्यवसाय कर' अशी एक बारीकशी कपात असे आणि अजून असते. ती मुळात कशासाठी सुरू झाली हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. मुंबईच्या कारकुनाने मराठवाड्यातल्या मजुराच्या हमीसाठी दरमहा काही रुपये द्यायचे आणि तेही उपकार म्हणून न देता कर म्हणून द्यायचे. देणाऱ्याचे नाव घेणाऱ्याला माहीत नाही, घेणाऱ्याने कुणापुढे वाकायचे नाही.

पुढे या योजनेचे हाल झाले हेही सांगितले पाहिजे. खोट्या हजेऱ्या लागल्या, कामे निघेनात. कर मात्र वसूल होत राहिला आणि निधी पडून राहू लागला. म्हणजे कागदावर हमी होती, तिच्यामागची कळकळ ओसरली होती. खानदेशात ज्या तालुक्यांत कामे निघत नव्हती तिथली माणसे काय करणार? त्यांनी ताप्ती व्हॅलीची गाडी पकडली. नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली, उधना. कुणी वाटेतच उतरून बारडोली-मढीच्या साखर कारखान्यांच्या उसाला कोयता लावला, कुणी थेट उधन्याला येऊन यंत्रमागाच्या खात्यात बारा तासांची पाळी धरली. लिंबायतची वस्ती अशीच वाढली. आपल्यातले काही जण या मंडळींविषयी 'बाहेरून आलेले' असे बोलतात, तेव्हा एवढे ध्यानात असू द्यावे की त्यांच्या येण्याला त्यांच्या राज्याने न पाळलेला शब्दही कारण आहे.

२००५ मध्ये केंद्राने सबंध देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला. मूळ कल्पना आपल्या पाग्यांचीच, फक्त दर कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची मर्यादा आली. डिसेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत झाला. त्यात दिवस १२५ केले, बहुतेक राज्यांवर ४० टक्के खर्चाचा भार टाकला आणि पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षाला साठ दिवसांपर्यंत ही कामे बंद ठेवण्याची तरतूद केली. कारण काय, तर शेतीला मजूर मिळावेत. १९१२ चे कारण पुन्हा भेटेल असे म्हटले होते ते हेच. शेतकऱ्याची अडचण खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही, आपल्यापैकी अनेकांच्या गावी जमिनी आहेत आणि मजूर मिळत नाहीत ही तक्रार आम्हीही करतो. पण ज्या महिन्यात मजुराला भाव मिळण्याची शक्यता असते नेमक्या त्याच महिन्यात त्याच्या हातातली हमी काढून घ्यायची, यात कुणाची सोय आधी धरली ते उघड आहे. पक्षाचा झेंडा कोणताही असो, हे वाचता आले पाहिजे. आपले हे पत्रक राजकीय आहे म्हणून ते नुसत्या उमेदवारांच्या फोटोंसाठी असू नये.

सुरतेत परत येतो. शिधापत्रिकेची गोष्ट आपल्या शहराच्या अगदी जवळची आहे. शिरपूरकडचा माणूस उधन्यात खात्यावर काम करी, त्याचे नाव मात्र गावच्या रेशन दुकानात. त्याच्या वाट्याचा गहू तिकडे आणि पोट इकडे. धान्य माणसाचे नसून दुकानाचे होते म्हणा ना. ऑगस्ट २०१९ मध्ये परराज्यातही रेशन घेता यावे म्हणून जो पहिला प्रयोग झाला, त्यात दोन जोड्या होत्या. एक आंध्र आणि तेलंगण, दुसरी महाराष्ट्र आणि गुजरात. म्हणजे खानदेशी कामगाराला सुरतेत धान्य मिळण्याचा मार्ग देशात सर्वांत आधी खुला झाला. ओडिशाच्या कामगाराला ती सोय तेव्हा नव्हती. २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत जे कामगार सुरतेच्या रस्त्यावर उतरले त्यांत गंजामकडचे ओडिया लोक मोठ्या संख्येने होते. पगार थकलेला, मेस बंद, गावी जायला गाडी नाही. २०२२ पर्यंत ही सोय सगळ्या राज्यांना लागू झाली. एका संगणकाच्या यंत्रणेएवढीच ती गोष्ट दिसते, पण तिच्याआधी कुणीतरी हे कबूल करावे लागले की माणूस जिथे राबतो तिथला तो आहे.

याच संदर्भात २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातली एक तरतूद सांगण्यासारखी आहे. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सर्वांत मोठ्या, अठरा वर्षांवरच्या स्त्रीचे नाव. आमच्या घरी हे कळले तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी पत्रिका मागून घेऊन स्वतःच्या कपाटात ठेवली. आम्ही विनोद समजलो. त्यांनी तो विनोद म्हणून केला नव्हता.

आणि १९९४ चा सप्टेंबर. प्लेग. सांगायला संकोच वाटतो, पण दुसऱ्याच दिवशी कुटुंबासह गाडी पकडून निघून गेलेल्यांत आम्ही होतो. परत आलो तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच की घाण झोपडपट्टीवाल्यांची. १९९५ मध्ये एस. आर. राव पालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी अधिकाऱ्यांना थंड केबिनमधून उठवून रोज सकाळी वॉर्डात पाठवले. 'एसी ते डीसी' हा शब्द तेव्हा सुरतेच्या तोंडी होता. बड्या हॉटेलांना दंड झाले, रस्त्यात आलेली बड्यांची बांधकामे तुटली आणि झोपडपट्ट्यांतून फरसबंदी, संडास, पाणी गेले. ज्या वस्त्या अनधिकृत म्हणून पालिकेच्या डोळ्यांना दिसत नव्हत्या त्यांचा कचरा हा शहराचा कचरा आहे असे मानल्यावरच शहर स्वच्छ झाले. १९९६ मध्ये सुरत देशातले दुसऱ्या क्रमांकाचे स्वच्छ शहर ठरले. त्याचे श्रेय आपण सगळे पाहुण्यांना सांगतो. फरसबंदी लिंबायतच्या गल्ल्यांत झाली म्हणून अठवा लाइन्सचे आरोग्य सुधारले, हे मात्र सांगत नाही.

आता घरची गोष्ट. या सभागृहात अशी घरे आहेत की ज्यांचे पूर्वज गायकवाडी कारभारात आले, कुणाचे रेल्वेत, कुणाचे शाळामास्तर म्हणून, कुणाचे वकिलीसाठी. १९६० पर्यंत सुरत मुंबई राज्यातच होती. १ मे १९६० रोजी सकाळी आपली आजी-आजोबा मंडळी उठली ती त्याच घरात, त्याच गल्लीत, पण दुसऱ्या राज्यात. कुणी घर बदलले नव्हते, सरहद्दीने जागा बदलली होती. त्यानंतर नोकरीत, बदलीत, शाळाप्रवेशात 'तुम्ही इथले की तिथले' हा प्रश्न आपण किती वेळा ऐकला आहे! आजोबांच्या काळच्या घरपट्टीच्या पावत्या जपून ठेवण्याची सवय आपल्या घरांना तेव्हा लागली. आपल्या अर्जात 'दहा वर्षे सभासद' ही ओळ आली ती त्याच सवयीतून, असे आम्हाला आता वाटते. आपल्याला जो दाखला मागितला गेला तोच आपण दुसऱ्याला मागू लागलो.

आणि गंमत पाहा. आपली पालिका सात भाषांतून प्राथमिक शाळा चालवते. गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू, इंग्रजी. पालिकेची मराठी शाळा आज कुणाच्या मुलांवर चालते? आपली नातवंडे केव्हाच इंग्रजी शाळांत गेली. गणेशोत्सवात 'सुरतेत मराठी टिकवली' असे आपण स्टेजवरून म्हणतो, पण ती टिकवली आहे ज्यांनी त्यांची मुले आपल्या निधीच्या अर्जात मात्र बसत नाहीत. त्यांचे वडील दहा वर्षे सभासद असते तर कसे असते? त्यांना मंडळाची वर्गणी मागायला आपल्यातले कोण कधी लिंबायतला गेले होते?

यावर काही ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे आम्ही ऐकले आहे आणि ते उडवून लावण्यासारखे नाही. निधी आपल्या वडिलांनी पै-पै करून जमवला. तो सर्वांना खुला केला तर दोन वर्षांत संपेल, आणि आपल्याच गरीब सभासदाच्या मुलाला द्यायला काही उरणार नाही. आपल्यातही गरीब आहेत, ते बोलत नाहीत एवढेच. हे खरे आहे. म्हणून ओळ नुसती खोडून टाका असे आम्ही म्हणत नाही. आमची सूचना अशी आहे. सभासदत्वाची अट काढावी आणि त्या जागी एवढेच लिहावे की अर्जदाराचे कुटुंब सुरतेत राहणारे व मराठी बोलणारे असावे. 'वडिलांची सही' या रकान्यात 'आई, वडील अथवा पालक' असे करावे, कारण यंदा एका मुलीचा अर्ज केवळ त्या रिकाम्या रकान्यामुळे परत गेला आणि तिला वडील नाहीत हे विचारण्याचे आम्हा छाननी करणाऱ्यांपैकी कुणालाही सुचले नाही. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खात्याच्या मालकाचे पत्र मागू नये. बहुतेक मालक ते देत नाहीत, आणि आपल्यातले काही मालक या सभागृहात बसले आहेत, त्यांना कारण ठाऊक आहे.

राहिला पैशाचा प्रश्न. पाग्यांच्या योजनेत कारकुनाच्या पगारातून कपात झाली. आपण वार्षिक वर्गणीबरोबर प्रत्येक घरटी एक ठरावीक रक्कम निधीसाठी घ्यावी, सर्वांकडून सारखी, देणगीदारांच्या फलकाशिवाय. फलक नको हा मुद्दा काहींना खटकेल, याची कल्पना आहे. ज्यांचे फलक आधीच लागले आहेत ते राहू द्यावेत.

कार्यकारिणीने हा ठराव आज मताला टाकण्याचे मान्य केले आहे. जुना अर्ज आणि सुधारलेला अर्ज, दोन्हींच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. मत देण्याआधी दोन्ही वाचाव्यात. आणि यंदा परत गेलेल्या अर्जांची फाइलही तिथेच आहे, नावे झाकून. चहा त्यानंतर आहे.